रिकामं गाव आणि अचूक बॉम्ब

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. भारत आणि पाकिस्तान यांच्यात लष्करी कारवाया चालू होत्या, घराघरांत रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू असायचा आणि आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर पाच मिनिटांनी नवा व्हिडिओ येऊन पडत होता. त्यातल्या एका व्हिडिओत काळोखं आकाश होतं, खालून वर जाणाऱ्या लाल ठिणग्यांच्या रांगा होत्या आणि शेवटी एक विमान पेट घेऊन खाली येत होतं. विमान कुणाचं, कुणी पाडलं, यावर ग्रुपमधली जाणती माणसं वाद घालू लागली. तेवढ्यात माझ्या भाच्याने खाली दोनच शब्द टाकले, "गेम आहे." त्यावर एका चाचांनी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस, म्हणून त्याला दटावलं.

दोन दिवसांनी कळलं की पोरगं खरं बोलत होतं. तो व्हिडिओ आर्मा थ्री नावाच्या खेळातला होता. त्या दिवसांत असे खेळातले बरेच तुकडे खऱ्या लढाईचे म्हणून फिरत होते. त्याआधी युक्रेनच्या युद्धातही हेच झालं होतं. इतकं की हा खेळ तयार करणाऱ्या झेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीला २०२२ साली लोकांना सांगावं लागलं, की आमच्या खेळातली दृश्यं खरी समजू नका आणि ती अशी अशी ओळखा.

मी भाच्याची माफी मागायला म्हणून आपाकडे गेलो. आपा कल्याणला राहते. मगरिबनंतर चहा झाला आणि भाच्याने मला त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. या लेखाचा विषय त्या संध्याकाळी सुरू झाला.

आर्मा थ्री २०१३ साली आला. तो नुसता धडाधड गोळ्या झाडण्याचा खेळ नाही. त्यात मैलभर चालावं लागतं, दम लागला की बंदूक हलते, लांबची गोळी वाटेत खाली झुकते. भाचा आणि त्याचे तीन मित्र रात्री एकत्र खेळतात. एक जण टेकडीवर लपून दुर्बिणीसारख्या यंत्रातून समोरच्या वस्तीतल्या एका इमारतीवर लेझर धरतो, दुसरा विमानात असतो, बाकीचे दोघे राखण करतात. विमानातून सुमारे सव्वादोनशे किलोचा बॉम्ब सुटतो आणि टेकडीवरच्या माणसाने जिथे लेझर धरलाय तिथेच जाऊन पडतो.

"मामू, यात एकच काम आहे," भाचा म्हणाला. "लेझर धरून ठेवायचा. बॉम्ब पडेपर्यंत हलवायचा नाही."

खऱ्या लेझर बॉम्बचंही तंत्र असंच असतं. त्याला इंजिन नसतं, तो साधा खाली पडतो. फक्त त्याच्या नाकावर एक डोळा असतो आणि अंगाला हलणारे छोटे पंख. जमिनीवरून किंवा विमानातून लक्ष्यावर जो लेझर टाकतात, तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. त्याचा प्रकाश लक्ष्यावर आपटून परततो आणि बॉम्बचा डोळा तो हेरतो. लेझरची लुकलुक ठरावीक सांकेतिक लयीत असते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लेझरमागे बॉम्ब जात नाही. मध्ये ढग आले, धूर आला, धूळ उठली तर डोळा आंधळा होतो. आणि बॉम्ब सुटल्यापासून पडेपर्यंत कुणीतरी त्या लक्ष्याकडे पाहत राहावं लागतं. उंचावरून टाकलेल्या बॉम्बला हा वेळ अर्ध्या मिनिटापर्यंत जातो.

मीही एकदा खेळून पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. पन्नाशीच्या माणसाचा हात थरथरेल असं पोरांना वाटत होतं, पण मी लेझर गच्च धरला. विमानाचा आवाज वरून गेला, मी मनात आकडे मोजले आणि समोरची इमारत धुरात गेली. कानातल्या हेडफोनवर पोरांनी जल्लोष केला. मीही खुर्चीत थोडा ताठ झालो.

धूर निवल्यावर मी ते गाव नीट पाहिलं. नकाशाचं नाव ताकिस्तान. हा देश जगाच्या नकाशावर नाही. याच कंपनीने २०१० साली आपल्या आधीच्या खेळासाठी तो रचला आणि चाहत्यांनी तो पुढे नव्या खेळात आणला. रचताना डोळ्यासमोर अफगाणिस्तानच असावा, असं पाहताक्षणी वाटतं. उघडे डोंगर, मातीच्या भिंती, अरुंद गल्ल्या, मध्ये मिनार. त्यातल्या एका गावाचं नाव फिरोजाबाद. आपल्याकडे बांगड्यांच्या गावाचं नावही तेच आहे. मी माउस फिरवत गल्ल्या पाहत गेलो. विहीर होती, घरं होती, दारं उघडत होती. एका घरात गालिचा अंथरलेला होता. पण माणूस एकही नव्हता.

"लोक कुठे गेले?" मी विचारलं.

भाचा हसला. "मामू, माणसं टाकली की कॉम्प्युटर हळू चालतो. एकेका माणसाला प्रोसेसर लागतो. म्हणून मिशन बनवणारे फक्त दुश्मन टाकतात."

त्याच्या उत्तरात कुठलाही द्वेष नव्हता. गाव ओस पडण्याचं कारण तांत्रिक होतं. तरी ते उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही. वाऱ्याचा वेग, गोळीचा झुकाव, लेझरची लय, यातलं सगळं खऱ्यासारखं करायला या खेळात जागा आहे. माणसं तेवढी परवडत नाहीत.

या खेळांबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. जमातीतले एक बुजुर्ग म्हणतात, हे सगळं हराम आहे, पोरं नमाज सोडून यात बसतात, कॉम्प्युटर विकून टाका. आपाचं मत वेगळं आहे. तिला खेळाचं काही वाटत नाही, खिडकीचं वाटतं. पोरगा रात्री अकराला हेडफोन लावून ओरडतो, "मशिदीच्या डावीकडे टाक, डावीकडे," आणि आपा उठून खिडकी लावते. शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगाही त्याच टीममध्ये आहे आणि तोही तसाच ओरडतो. त्याच्या आईला काळजी आहे ती त्याच्या चष्म्याच्या नंबरची. आपाच्या मनात भीती आहे ती भिंतीपलीकडे गेलेल्या शब्दाची. मुसलमान पोराच्या तोंडून 'बॉम्ब' हा शब्द कुणी अर्धवट ऐकला तर पुढे काय काय होऊ शकतं, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी तिची भीती वेडेपणाची आहे असं म्हणणार नाही. पण खिडकी लावून प्रश्न सुटत नाही आणि कॉम्प्युटर विकूनही सुटत नाही. कारण अचूक बॉम्बचं हे चित्र पोरांना पहिल्यांदा खेळाने दाखवलेलं नाही. ते आम्हाला आमच्या तरुणपणी बातम्यांनी दाखवलं होतं.

१९९० च्या ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनने कुवेत घेतला, तेव्हा आमचे खालू तिथे नोकरीला होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतली कर्ती माणसं तेव्हा कुवेतला, दुबईला, मस्कतला होती, आजही आहेत. कुवेतमधल्या एक लाखाहून जास्त भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणलं गेलं, त्यात खालू एक पिशवी घेऊन परतले. पुढे जानेवारी १९९१ मध्ये अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी हल्ले सुरू केले. बातम्यांत काळी-पांढरी चित्रं येऊ लागली. मध्ये फुली, फुलीखाली इमारत, मग एक पांढरा भपका. खालू ती चित्रं पाहताना काही बोलत नसत. आम्ही पोरं मात्र थक्क होत होतो, की खिडकीतून नेम धरून बॉम्ब आत जातो म्हणजे काय!

त्यातलं एक चित्रण जगभर गाजलं. अमेरिकी सेनापती जनरल श्वार्झकॉफ पत्रकारांना एका पुलावरच्या हल्ल्याचा व्हिडिओ दाखवत होते. फुली पुलावर होती आणि त्याच वेळी एक गाडी फुलीखालून निघून गेली. मागे पूल उडाला. इराकमधला सगळ्यात नशीबवान माणूस तो, असं जनरल म्हणाले आणि सभागृह हसलं. त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी जेमतेम दहावा हिस्साही असा मार्गदर्शित नव्हता. पण टीव्हीवर दिसले ते प्रामुख्याने हेच, त्यामुळे सगळं युद्धच असं नेमकं आणि स्वच्छ चाललंय असा समज झाला.

मग १३ फेब्रुवारी १९९१ ची पहाट आली. बगदादच्या अमिरिया भागातल्या एका निवाऱ्यावर दोन लेझर बॉम्ब पडले. प्रत्येक सुमारे नऊशे किलोचा. पहिल्याने काँक्रीटच्या जाड छताला भोक पाडलं, दुसरा त्यातून आत गेला. आत चारशेहून जास्त सामान्य माणसं मेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. बॉम्बपासून वाचायला म्हणून ती रात्री तिथे झोपायला येत असत. ही लष्करी नियंत्रणाची जागा आहे असं आम्हाला वाटलं, असं अमेरिकेने सांगितलं.

या घटनेत बॉम्ब चुकला नव्हता. तो जिथे पाठवला तिथेच गेला, आणि तेही एकाच भोकात दोनदा. चुकलं होतं ते आत कोण आहे याचं ज्ञान. मला या सगळ्या विषयात एवढंच सांगायचं आहे. अचूकपणा म्हणजे बॉम्ब कुठे पडेल याची खात्री. तिथे कोण आहे याची खात्री ही वेगळी गोष्ट आहे आणि कुठलाही लेझर ती देत नाही. या दोन खात्र्या आपण एक समजतो आणि 'अचूक' या शब्दाला 'न्याय्य' असा वास येऊ लागतो.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. उत्तर व्हिएतनाममधला थान्ह होआचा पूल पाडायला अमेरिकेने कित्येक वर्षं शेकडो उड्डाणं केली, विमानं आणि वैमानिक गमावले, पूल उभाच राहिला. मे १९७२ मध्ये लेझर बॉम्बने तो पडला. त्याआधीच्या महायुद्धात एक कारखाना उडवायला अख्खं शहर जाळत. त्या मानाने एका लक्ष्याला एक बॉम्ब हे कमीच मरण आहे. आपल्याकडे कारगिलच्या युद्धात जून १९९९ मध्ये वायुसेनेच्या मिराज विमानांनी टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले. सोळा हजार फुटांहून उंच त्या शिखरावर ना गाव होतं, ना बाजार. तिथे जो होता तो सैनिकच होता. चढून जाणाऱ्या जवानांचे जीव त्यामुळे वाचले असतील, हे मी मान्य करतो. म्हणजे हत्यार तेच. शिखरावर त्याचा अर्थ एक होतो, वस्तीत दुसरा. आणि माझ्या भाच्याच्या खेळात वस्तीलाच शिखर करून टाकलं आहे. माणसं काढून घेतली की कुठलंही गाव टायगर हिल होतं.

आता तंत्र सुधारलंय, १९९१ चं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका मोटारीवर लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारं क्षेपणास्त्र सोडलं. त्या मोटारीवर जवळजवळ आठ तास आकाशातून नजर होती. मोटार चालवणारा एका मदत संस्थेचा कर्मचारी होता. दहा माणसं मेली, त्यांतली सात मुलं. आधी हल्ल्याचं समर्थन झालं, तीन आठवड्यांच्या आत ती भयंकर चूक होती अशी कबुली आली. क्षेपणास्त्र सुटण्याच्या दोन मिनिटं आधीच्या चित्रणात एक मूल दिसत होतं, हेही पुढे चौकशीत समोर आलं. नजर आठ तास होती, पण नजरेला जे आधीच ठरवलं होतं तेच दिसत राहिलं.

लेझरने चालणाऱ्या या हत्यारांची एक गोष्ट मला भाच्याकडून नाही, वाचनातून कळली. बॉम्ब सुटल्यावरही लेझर धरणाऱ्याला तो मुद्दाम बाजूला, मोकळ्या जागेकडे नेता येतो. ऐनवेळी कुणी चालत आलं, सायकलवरून पोरगं आलं, तर पडणारा बॉम्ब शेतात उतरवता येतो. अगदी शेवटचे काही क्षण सोडले तर तोपर्यंत मन बदलायला जागा असते. लक्ष्य लष्करी नाही असं दिसलं तर हल्ला रद्द करावा किंवा थांबवावा, असं जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात लिहिलेलंच आहे. पण त्याच्याही आधी, सीरियाकडे निघालेल्या फौजेला हजरत अबू बक्र यांनी बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका, फळझाडं तोडू नका, मठात बसलेल्या साधूंना हात लावू नका, अशी ताकीद दिल्याचं आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारतात अश्वत्थाम्याने झोपलेल्या मुलांना मारलं, तो डाग आजवर त्याच्या नावावरून गेलेला नाही. 'समोर कोण आहे ते आधी पाहा' ही शिकवण कुण्या एका धर्माची नाही आणि परदेशातून आलेलीही नाही.

खेळ तो खेळ, शतरंजच्या प्याद्याला कुठे बायकामुलं असतात, असं मला एका मित्राने सुनावलं. बरोबर आहे. पण शतरंज कधी म्हणत नाही की मी खऱ्यासारखी आहे. हे खेळ खरेपणावरच विकले जातात. ज्याला खरेपणाची ऐट आहे, त्याला मी विचारणार की मग त्या गालिच्यावर बसणारा माणूस कुठे आहे?

गंमत म्हणजे हा प्रश्न खेळ बनवणाऱ्यांनाही पडला होता. २०१७ मध्ये त्याच कंपनीने याच खेळासाठी 'लॉज ऑफ वॉर' नावाची जोडणी आणली. त्यात खेळणारा सैनिक नसून मदत संस्थेचा माणूस असतो. युद्ध संपल्यावर एका उद्ध्वस्त गावात तो न फुटलेले बॉम्ब आणि सुरुंग काढत फिरतो आणि त्या गावात काय काय घडलं ते त्याला एकेका वस्तूवरून कळत जातं. कंपनीने त्या विक्रीतला वाटा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीला दिला. भाच्याला त्याबद्दल माहीत होतं. त्याने ते खेळलं नव्हतं. "त्यात फायटिंग नाही ना," तो म्हणाला.

मी त्याला उपदेश केला नाही. फक्त विचारलं, "तुझ्या गावात दहा माणसं टाकता येतील का? तेवढ्याने कॉम्प्युटर बंद पडतो का ते बघू." त्याला ते तांत्रिक आव्हान वाटलं आणि तो लागला कामाला. त्याने अकरा माणसं टाकली. कोण केव्हा कुठल्या गल्लीत असेल हे त्यालाही कळू नये अशी सोय केली. कॉम्प्युटर बंद पडला नाही.

पहिल्या रात्री लेझर त्याच्या मित्राकडे होता. इमारत उडाली, तिच्या बाजूने चाललेले तिघे पडले. पडद्यावर मात्र मिशन यशस्वी झाल्याचं आलं, कारण माणसं मेली तर काय, हे भाच्याने मिशनमध्ये लिहिलंच नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवशी मला फोन करून हे सांगितलं. "मामू, विचित्र वाटलं. ती पडलेली आणि वर यशस्वी लिहिलेलं." यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. अमिरियाची गोष्ट मी त्याला त्या फोनवर पहिल्यांदा सांगितली.

दुसऱ्या वेळी लेझर त्याने स्वतः घेतला. मी मागे बसलो होतो. विमानातून बॉम्ब सुटला आणि इमारतीच्या कोपऱ्यावरून एक आकृती वळून आली. चालण्याची ढब तर सगळ्यांची एकच असते, ती संगणकाची बाहुली होती. भाच्याने क्षणभर काही केलं नाही. मग लेझर उचलून वरच्या नांगरटीकडे नेला. बॉम्ब ढेकळांत पडला. हेडफोनवर एकदम तिघांचा ओरडा आला. एवढं लांबून विमान आणलं, फुकट गेलं, आता पुन्हा पहिल्यापासून. शेजारचा मुलगा सगळ्यात जास्त चिडला होता.

"अरे, दिसलं ना कोणीतरी," भाचा म्हणाला.

त्या बाहुलीमुळे माझा भाचा संत झाला असा माझा दावा नाही. खेळात कुणी मरत नाही आणि कुणी वाचतही नाही. पण हीच पोरं उद्या मतदान करतील, कुणी सैन्यात जाईल, कुणी बातम्या देईल आणि सगळीच जण टीव्हीवर फुलीखालची इमारत पाहतील. तेव्हा त्यांच्या मनात 'लागला का?' याच्या आधी 'आत कोण होतं?' हा प्रश्न यावा, एवढीच माझी इच्छा आहे. ती सवय घरी लावता येते. मामूने, चाचाने, आपाने मुलांच्या शेजारी बसून दोन साधे प्रश्न विचारले तरी पुरतं. हराम म्हणून कॉम्प्युटर बंद केला, किंवा घाबरून खिडकी, तर हे प्रश्न विचारायला आपण खोलीत असणारच नाही.

अकरा माणसांचं ते मिशन भाच्याने जपून ठेवलंय. मित्रांना ते आवडत नाही, फार वेळ जातो म्हणतात. परवा मात्र शेजारच्या मुलाने स्वतःहून ती फाइल मागून घेतली. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, आणि भाच्यानेही विचारलं नाही.